जोडे विकणाऱ्याचा अग्निबाण

मंडळी, दिवाळीतला बाण आपल्या ओळखीचा आहे. बाटलीत उभा करायचा, वातीला उदबत्ती लावायची आणि मागे पळायचे. वर जाऊन तो फुटतो, काडी कुणाच्या तरी कौलांवर पडते, संपले! पण तोच बाण हळूच खाली आला आणि पुन्हा उडवता आला तर?

असा बाण १९५४ साली अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक या गावी, ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या गृहस्थाने केला. धंदा जोड्यांच्या दुकानाचा, नाद मात्र शोभेच्या दारूचा. भाऊ रॉबर्ट छोटी विमाने बनवी आणि उड्डाणावर व्याख्याने देई. व्याख्यानात दाखवायला काही हवे, म्हणून ही खटपट.

रचना पहा. कागदाची नळी, हलक्या लाकडाचे टोक व पंख. पोटात काडतुसासारखे इंजिन, म्हणजे जाड कागदी पुंगळीत ठासलेली काळी दारू. बुडाच्या अरुंद भोकातून वायू जोराने खाली सुटतो, बाण वर चढतो. मग एक थर सावकाश जळतो; तेवढ्यात बाण आपल्याच वेगाने शिखर गाठतो. शेवटी लहानसा बार होतो, टोक निघते आणि हवाई छत्री उघडते. जळकी पुंगळी टाका, नवी घाला.

खेळण्याचे एवढे कौतुक कशाला, असे गुरुजी विचारतील. तर ऐका. त्या काळी तिकडची पोरे लोखंडी नळ्यांत घरचे मिश्रण ठासून बाण करीत. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि हे वेड आणखी भडकले. कुणाची बोटे गेली, कुणाचे डोळे, कुणी जिवालाच मुकले. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स येथे क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांचे काम करणारे जी. हॅरी स्टाइन यांनी त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत एका मासिकात सुरक्षिततेवर लेख लिहिला होता. तो वाचून कार्लाइलने आपले बाण त्यांच्याकडे धाडले. स्टाइननी ओळखले की पोरांना दारूला हातच लावू द्यायचा नाही, बाकी सारे त्यांना करू द्यायचे! त्यांनी कंपनी काढली, हौशी लोकांची संघटनाही उभारली. इंजिने पुरेनात, तेव्हा डेन्व्हरच्या व्हर्न एस्टेसने १९५८ मध्ये कारखाना घातला. घरचा धंदा फटाक्यांचाच. त्याने इंजिने भरणारे यंत्र केले. त्याचे लाडके नाव मेबल.

आता मैदानावर या. बाण काठीसारख्या सळईवर उभा. काडी नाही, उदबत्ती नाही. निदान १५ फुटांवरून विजेचे बटण. मोठ्याने उलटे आकडे मोजायचे, पाच, चार, तीन... न पेटला, तर ६० सेकंद कुणी जवळ जायचे नाही. पोरांना हे साठ सेकंद फार लांब वाटतात, बरं का! पेटला की फुस्स आवाज, धुराची रेघ, आणि वर रंगीत छत्री. मग सगळी पोरे माना वर करून तिच्यामागे धावतात. छत्री विजेच्या तारांवर अडकली, तर मात्र तो बाण तिथेच सोडायचा आणि घरी नवी कागदी नळी गुंडाळायला घ्यायची.