ज्वालामुखीच्या दारांतील नगरपालिका

नगरपालिका म्हटली कीं दिवाबत्ती, झाडलोट आणि पाणीपट्टी एवढेंच सामान्य नागरिकाच्या डोळ्यांपुढें येतें. परंतु गांवाच्या वेशीवर धरणी दुभंगून अग्नि वर येऊं लागला, तर स्थानिक कारभाऱ्यांनीं काय करावें? श्रोतेहो, या प्रश्नाला गेल्या शतकांत दोन बेटांनीं दोन निराळीं उत्तरें दिलीं.

पहिलें उत्तर दुःखद आहे. मार्तिनिक बेटावरील सें-पिएर हें शहर पेले पर्वताच्या पायथ्याशीं वसलें होतें. १९०२ च्या एप्रिलमध्यें पर्वत धुमसूं लागला व रस्त्यांवर राख पडूं लागली. ७ मे रोजीं सरकारी समितीनें शहरास धोका नसल्याचा निर्वाळा दिला. लोकांना धीर यावा म्हणून बेटाचे गव्हर्नर मुते स्वतः तेथें जाऊन राहिले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तप्त वायु व राख यांचा लोट शहरावर कोसळला आणि कांहीं मिनिटांत सुमारें २८,००० माणसें मृत्युमुखीं पडलीं. गव्हर्नरही त्यांतच गेले.

दुसरें उत्तर आइसलंडच्या दक्षिणेकडील हेमाए बेटाचें. वस्ती सुमारें ५,३००, धंदा मासेमारीचा. गांवाजवळचा हेल्गाफेल पर्वत सुमारें ५,००० वर्षें शांत होता. २३ जानेवारी १९७३ रोजीं मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास गांवाच्या पूर्वेस जमीन फाटली व अग्नीची जणूं भिंतच उभी राहिली.

बेट रिकामें करण्याची योजना मुलकी संरक्षण खात्यानें आधींच आंखून ठेविली होती. पोलीस व अग्निशामक दल यांनीं भोंगे वाजवून लोकांना जागें केलें. आदल्या दिवशींच्या वादळामुळें मासेमारी नौकांचा ताफा बंदरांतच होता, हें मोठें सुदैव. थोड्याच वेळांत भरलेल्या नौका मुख्य भूमीकडे निघाल्या. रुग्ण व वृद्ध विमानांनीं गेले. सकाळपर्यंत बहुतेक सारें गांव सुखरूप बाहेर पडलें होतें.

माणसें वांचलीं, पण गांवाचें काय? नगरपालिकेनें राजधानी रेक्याविक येथें आपलें कार्यालय थाटलें आणि परागंदा नागरिकांचा कारभार तेथून चालविला. फेब्रुवारींत आइसलंडच्या संसदेनें कायदा करून आपद्ग्रस्तांसाठीं निधि उभारला व त्याकरितां साऱ्या देशानें वाढीव कर सोसला. बेटावर मागें राहिलेलीं माणसें छपरांवरची राख फावड्यांनीं ओढीत व खिडक्यांवर पत्रे ठोकीत. सखल जागीं विषारी वायु सांचे. त्यानें एका माणसाचा बळी घेतला.

खरा पेंच बंदराचा होता. लाव्हारसानें त्याचें मुख बुजविलें असतें, तर घरें वांचूनही पोट चाललें नसतें. थोर्ब्योर्न सिगुरगेइरसन या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनीं रसावर समुद्राचें थंड पाणी सोडण्याची कल्पना मांडली. रसाची कड थिजली कीं तिचाच बांध होतो व मागचा प्रवाह अडतो, हें त्यामागील तत्त्व. आरंभ अग्निशामक पंपांनीं झाला. मार्चअखेरीस रसानें मुसंडी मारून अनेक घरें गिळलीं, तेव्हां अमेरिकेहून मोठे पंप आणविले. पुढें अनेक पंप चालू लागले आणि एकंदर ६० लक्ष घनमीटरांहून अधिक पाणी रसावर पडलें.

जुलैच्या आरंभीं उद्रेक शमला. सुमारें ४०० घरें नष्ट झालीं होतीं. परंतु बंदर वांचलें आणि नव्या खडकाच्या आडोशामुळें तें पूर्वींपेक्षां अधिक सुरक्षित झालें. उपसलेली राख विमानतळाची धावपट्टी वाढविण्यास व नव्या घरांच्या भरावास उपयोगी पडली. थिजणाऱ्या रसाच्या उष्णतेवर पुढें कित्येक वर्षें घरें ऊबदार ठेविलीं गेलीं. बहुसंख्य रहिवासी कांहीं वर्षांत परतले.

दोन्ही पर्वतांचा स्वभाव एक नव्हता, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. पेलेचा लोट पाण्याच्या नळ्यांनीं अडविण्याजोगा नव्हता. तेथें वेळेवर शहर सोडणें हाच एक उपाय होता. पण म्हणूनच दोहोंचा बोध एक ठरतो. निसर्गाचा अंदाज चुकूं शकतो. अशा वेळीं कारभाऱ्यांनीं लोकांना धीर देण्याआधीं त्यांना वाट करून द्यावी. हेमाएला नशिबानें नौका दिल्या. त्या भरून वेळेवर हांकारण्याची शिस्त मात्र माणसांनीं आधीं कमावून ठेविली होती.