अज्ञात वय आणि आयुर्विम्याचा हप्ता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

आयुर्विम्याचा हप्ता प्रामुख्याने विमेदाराच्या वयावर ठरतो. ज्या समाजात जन्मतारीख लिहून ठेवण्याची सार्वत्रिक रीत नव्हती, तेथे हा हप्ता कसा ठरविला गेला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१८१८ मध्ये कलकत्त्यास स्थापन झालेली ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी मुख्यतः युरोपियनांसाठी होती. पुढे भारतीयांचे विमे उतरविले जाऊ लागले, तरी त्यांच्याकडून जादा हप्ता घेतला जाई. यामागे वंशभेद होता, हे नाकारता येणार नाही. परंतु हिशेबाची अडचणही खोटी नव्हती. भारतीयांच्या मृत्युमानाची विश्वसनीय कोष्टके नव्हती आणि व्यक्तीच्या वयाचा पुरावाही बहुधा नसे. यांपैकी पहिली उणीव कंपन्यांच्या ज्ञानातील होती. तिची किंमत मात्र विमेदाराने मोजली. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल लाइफ ॲश्युरन्स सोसायटीने भारतीयांचे विमे सर्वसाधारण दराने उतरविले. तेव्हा जादा आकारणी अपरिहार्य होती, असे म्हणता येत नाही.

दुसरी उणीव अधिक चिवट ठरली. जनगणनेतही लोक वय तीस, पस्तीस, चाळीस असे ठोकळ आकड्यांत सांगत. १९३८ च्या विमा अधिनियमाने याची दखल घेतली. मूळ कलम ४५ नुसार दोन वर्षांनंतर, महत्त्वाच्या बाबीतील लबाडी सिद्ध केल्याशिवाय, चुकीच्या माहितीवरून विमापत्रास हरकत घेता येत नसे. वयाचा पुरावा मात्र केव्हाही मागण्याची आणि त्यानुसार अटी बदलण्याची मुभा ठेवली गेली. वयातील चूक येथे हिशेबातील दुरुस्ती मानली गेली, हे विशेष.

१९५६ मध्ये स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाच्या व्यवहारात पुराव्यांची प्रतवारी दिसते. शाळेचा दाखला प्रमाण. जन्मपत्रिका किंवा ज्येष्ठांचे निवेदन दुय्यम. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना अनेकांची जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने १ जून अशी लिहिली, हे सर्वश्रुत आहे. घटका-पळांसह मांडलेली पत्रिका दुय्यम आणि अंदाजाची तारीख प्रमाण, हा विरोधाभास वरवरचा आहे. पत्रिका मागाहूनही मांडून घेता येते. गुरुजींच्या नोंदीचा हप्त्याशी काही संबंध नव्हता, आणि ती विम्याच्या कितीतरी आधी झालेली होती. कंपनीस खऱ्या वयापेक्षा, विमेदाराला सोयीनुसार बदलता न येणारे वय हवे होते.

जन्ममृत्यू नोंदणीचा देशव्यापी सक्तीचा कायदा १९६९ मध्ये झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या कित्येकांचे हप्ते या १ जूनच्याच आधारे ठरले.