राखेचे वय आणि लेझरचा धुरळा

टाकळी हाजी-निघोजच्या रांजणखळग्यांमुळे परिचित असलेली कुकडी शिरूर परिसरात घोड नदीला मिळते. घोड पुढे भीमेला मिळते आणि दौंड भीमेच्याच काठी वसले आहे. याच खोऱ्याच्या वरच्या भागात, जुन्नर तालुक्यातील बोरी येथे नदीच्या गाळात ज्वालामुखीय राखेचा थर आढळतो. दख्खनच्या काळ्या पाषाणाशी त्याचे नाते नाही. ही राख सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीची होय. थरालगत अश्मयुगीन हत्यारे सापडल्याने तिच्या वयाला महत्त्व आले. परंतु 1989 मध्ये 14 लाख, 1995 मध्ये 6 लाख 70 हजार आणि अन्य अभ्यासांत 75 हजार वर्षे, असे परस्परविरोधी आकडे पुढे आले.

तोबाचे उद्रेक अनेक झाले. कोणत्या उद्रेकाची राख, हे तिच्यातील काचकणांच्या रासायनिक घडणीवरून ओळखता येते. मात्र 75 हजार वर्षांपूर्वीच्या एकाच उद्रेकातील कणांतही बेरियम, स्ट्रॉन्शियम व इट्रियम यांच्या प्रमाणानुसार निरनिराळे गट पडतात. मूठभर राख एकत्र विरघळवून तपासल्यास हाती केवळ सरासरी येते. म्हणून एकेका कणावर लेझर रोखावा लागतो.

लेझरच्या आघाताने कणाचा सूक्ष्म धुरळा उडतो. हेलियम वायू तो अरगॉनच्या, हजारो अंश तप्त प्लाझ्मात नेतो. तेथे आयन तयार होतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्यांची वस्तुमानानुसार मोजणी करतो. खरी अडचण धुरळ्याच्या आकारात आहे. बारीक कण प्लाझ्मात पूर्णपणे वाफ होतात. जाड कण अर्धवटच. जाड कण आला की संकेतात अचानक उंच टोक उमटते. त्याहून घातक बाब म्हणजे सहज उडणारी मूलद्रव्ये आधी मोजली जातात व चिवट मागे राहतात. युरेनियम-थोरियमचे गुणोत्तर त्यामुळे युरेनियमच्या बाजूने फुगते. जाड कण गाळून टाकणे हा उपायही निर्दोष नाही, कारण जाड व बारीक कणांची घडण सारखी नसते. गाळताना नमुन्याचा काही भागच हरवतो. 266 ऐवजी 193 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर वापरल्यास काचेचा धुरळा अधिक बारीक होतो. ज्ञात घडणीची प्रमाणित काचही त्याच स्थितीत मोजावी लागते.

2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकेका काचकणाच्या विश्लेषणानुसार भारतातील तोबाची सर्व ज्ञात राख 75 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाचीच ठरली. हत्यारांचे वय त्याने आपोआप ठरत नाही. नदी जुने दगड उकरून नव्या गाळात टाकतच असते.