तोंडाचा वास

आमचे मामू सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद आणि गूळ भरून मुंबईला ट्रक न्यायचे. पाच वक्ताचे नमाजी. दारूचा विषय निघाला तरी उठून जायचे. मात्र पोटाच्या तक्रारीवर वैद्यांनी दिलेली द्राक्षासवाची बाटली कायम केबिनमध्ये असे. १९८६च्या हिवाळ्यात, मी अकरावीत असताना, साताऱ्याच्या वाटेवर त्यांचा ट्रक एका बैलगाडीला घासला. कुणाला फारसं लागलं नाही, पण हवालदार जवळ आला आणि म्हणाला, "ओ ड्रायव्हर, तोंड उघडा." वास आला. "दवा हाय साहेब, दारू न्हाई," हे मामूंचं म्हणणं कुणी ऐकलं नाही.

तोंडाला वास आला म्हणजे माणूस दारू प्यायला, असं धरायचं का? हा वाद आपल्या राज्यात बराच जुना आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. त्याच वर्षी संस्थानं विलीन झाल्यावर आमचा दक्षिण सातारा जिल्हा तयार झाला. त्याला सांगली हे नाव मिळालं १९६०मध्ये. एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला कोर्टात आव्हान दिलं आणि २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दारूबंदी टिकली, पण अल्कोहोल असलेली औषधं घेण्यावरची बंदी रद्द झाली.

त्यानंतर चारच दिवसांनी, २९ मेच्या रात्री, मुंबईत कुलाब्याकडे जाणाऱ्या एका जीपची तिघांना धडक बसली. जीप चालवत होते मुंबई सरकारचे एक अधिकारी, बेहराम पेसिकाका. डॉक्टरांनी तपासलं. तोंडाला अल्कोहोलचा वास होता, डोळे लालसर होते. पण बोलणं सुसंगत होतं आणि सरळ रेषेत चालताही येत होतं. अल्कोहोल पोटात गेलंय, पण अंमल दिसत नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं. पेसिकाका म्हणाले, मी बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं.

माझ्या मामूंचंच उत्तर, फक्त बाटली निराळी!

हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले, प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आणि १९५४मध्ये पेसिकाका दारूबंदीच्या आरोपातून सुटले. वास औषधाचा नव्हता, बंदी असलेल्या दारूचाच होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, असं न्यायालयाने सांगितलं. योगायोग असा की त्याच १९५४ साली अमेरिकेत रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी श्वासातलं अल्कोहोल मोजणारं 'ब्रेथलायझर' यंत्र तयार केलं.

सरकारही स्वस्थ बसलं नाही. १९५९मध्ये कायदा बदलला. रक्तात ०.०५ टक्के किंवा अधिक अल्कोहोल सापडलं, तर ते औषधाचं होतं हे आरोपीनेच दाखवायचं. तराजू एकदम दुसऱ्या बाजूला झुकला. मग समतोल म्हणून रक्त घेण्याचे नियम आले. सुई उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची, रक्त घेताना कुठेही अल्कोहोलचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, बाटलीला सील करायचं आणि सात दिवसांच्या आत ती तपासणीला धाडायची. पुढची कित्येक वर्षं वकिलांची लढाई या बारीकसारीक गोष्टींवर चालली. धुळ्याच्या उखा कोल्हे खटल्यात तर, रक्ताची बाटली मधल्या काळात कुणाच्या ताब्यात होती, हा प्रश्न १९६३मध्ये थेट दिल्लीत पोचला. १९७१च्या आणखी एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की रक्त किंवा लघवी तपासलीच नसेल, तर नुसता वास आणि अडखळती चाल यांवरून निष्कर्ष काढता येत नाही.

आता नाक्यावर नळी पुढे येते. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात, १९९४च्या दुरुस्तीनंतर, मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. यंत्र मोजतं श्वास आणि त्यावरून रक्ताचा अंदाज बांधतं. साधारणपणे श्वासातल्या प्रमाणाच्या २,१०० पट रक्तात, असं धरतात. हा आकडा माणसागणिक थोडा बदलतो. नुकतंच आसव घेतलं असेल किंवा चूळ भरायचं औषध वापरलं असेल, तर तोंडात उरलेला अंश आकडा फुगवतो. म्हणून पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा फुंकायला लावणं शहाणपणाचं. यंत्र केव्हा तपासून घेतलं होतं, हेही विचारावं. या कलमाखाली अटक झाली, तर दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी. नाहीतर सोडावं लागतं. हे दारुड्यांना पळवाटा शिकवणं आहे, असं काहींना वाटेल. मला तसं वाटत नाही. पण ज्याच्या घरातलं माणूस असल्या गाडीखाली गेलंय, त्याच्यासमोर हे बोलताना माझी जीभ जड होते, हेही खरं.

मामूंच्या रक्ताचा अहवाल आला तो मर्यादेच्या जरासा वर. मामींनी दोन बांगड्या मोडून वकील दिला. वकिलांनी एकच प्रश्न लावून धरला, की सुई टोचण्याआधी दंड कशाने पुसला? कंपाउंडर साक्षीत म्हणाला, "नेहमीसारखाच, स्पिरिटच्या बोळ्याने." संशयाचा फायदा मिळाला. मामू सुटले, लायसन वाचलं. घरी जिलेबी आली.

पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टर मित्राला मी हे सांगितलं. तो म्हणाला, बोळ्याने आकडा फारसा हलत नाही. आणि दोन चमचे द्राक्षासवानेही एवढा वर जात नाही.

तोवर मामू गेले होते. मामी होत्या. त्यांना मी ते सांगितलं नाही. सुटून आल्यावर मामूंनी ती बाटली स्वतः कृष्णेच्या घाटावर नेऊन रिकामी केली, एवढं त्या अधूनमधून सांगत. का केली, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.