गळती आणि सलाईनचे थेंब

काशीत शिवलिंगावर टांगलेलं अभिषेकपात्र, म्हणजे गळती, तुम्ही पाहिलं असेल. पाणी थेंबाथेंबाने, अखंड पडतं. सलाईनही तसंच पडतं, फक्त तिथे थेंब मोजावे लागतात. ही गरज पटकीने शिकवली.

१८१७ साली बंगालात उसळलेली पटकी गंगेच्या काठाने काशीपर्यंत आली. पुढच्या साथीत, १८३१ मध्ये, ती इंग्लंडला पोहोचली. १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या लीथ गावी डॉ. थॉमस लाटा यांनी मरणोन्मुख म्हातारीच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. अर्ध्या तासात सुमारे साडेतीन लिटर! ती शुद्धीवर आली. लाटा निघून गेले, जुलाब पुन्हा सुरू झाले आणि काही तासांत ती दगावली. औषध बरोबर होतं. पण गेलेलं पाणी भरत राहायला हवं होतं.

'किती' इतकंच 'किती वेळात' महत्त्वाचं असतं. आज पंप नसलेल्या वॉर्डात सिस्टर हेच गणित करतात: मिलिलिटर गुणिले सेटचे थेंब, भागिले मिनिटं. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा, तर ५०० × २० ÷ २४० म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. ६० थेंबांच्या मायक्रो सेटवर तेच १२५. म्हणून आधी पाकिटावरचा आकडा वाचायचा, मग घड्याळ लावून थेंब मोजायचे. रुग्णाने हात हलवला की वेग बदलतो, तेव्हा पुन्हा मोजायचे. गळतीला घाई नसते. पण सलाईन वेगाने गेलं तर फुप्फुसात पाणी भरू शकतं, आणि हळू गेलं तर लीथच्या म्हातारीची गत.