तीन आवाजांची चिप

आजचा साधा मोबाइलही वाद्यवृंद हुबेहूब ऐकवतो. मग त्याच यंत्रावर ४० वर्षांपूर्वीच्या संगणक-खेळांचे किरटे संगीत जसेच्या तसे निर्माण करणे अवघड का जावे? उत्तरासाठी १९८१ सालात जावे लागेल.

अमेरिकेतील मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीत बॉब यानेस हे तरुण अभियंते होते. सिंथेसायझरची त्यांना आवड. त्या काळच्या ध्वनिचिप संगीत न जाणणाऱ्यांनी बनवल्या आहेत, असे त्यांचे मत होते. त्यांनी काही महिन्यांत सिड ६५८१ ही चिप घडवली. १९८२ मध्ये ती कमोडोर ६४ या घरगुती संगणकातून लोकांपर्यंत पोहोचली. तिच्यात आवाज तीनच. प्रत्येकासाठी त्रिकोणी, करवती वा आयताकृती तरंग किंवा नुसता गोंगाट निवडता येई. आवाज कसा चढावा, टिकावा आणि विरावा, हेही ठरवता येई. शिवाय तिन्हींसाठी मिळून एक फिल्टर, म्हणजे नको त्या वारंवारता अडवणारी गाळणी होती.

तीन आवाजांत चाल, खर्ज आणि ताल बसवले की स्वरमेळासाठी जागा उरत नाही. मार्टिन गॉल्वे, रॉब हबर्ड यांच्यासारख्या ब्रिटनमधील संगीतकारांनी एक युक्ती वापरली. तिथल्या टीव्हीवर सेकंदाला ५० वेळा चित्र उमटे. त्याच ठेक्यावर एकच आवाज सा, ग, प असा भराभर बदलायचा. प्रत्येक स्वराच्या वाट्याला १/५० सेकंद. कानाला तीन सुटे स्वर नव्हे, तर एक थरथरणारा स्वरमेळ ऐकू येतो. या संगीताची ओळख बनलेली ही थरथर टंचाईतून जन्मली.

दुसरी गोष्ट चिपच्या दोषाची. स्वर वाजत नसतानाही तिच्यातून एक स्थिर विद्युतदाब बाहेर येई. एकूण आवाजाच्या पातळीला १६ पायऱ्या होत्या. पायरी बदलली की हा दाबही बदले आणि 'टक्' असा खटका उडे. आज्ञावली लिहिणाऱ्यांनी हे खटके सेकंदाला हजारो वेळा उडवून त्यांतून ढोलाचे ठोके, अगदी माणसाचे बोलणेही काढले. तीन आवाजांच्या चिपला असा चौथा आवाज मिळाला! पुढे ८५८० या सुधारित चिपमध्ये हा दोष जवळजवळ नाहीसा केला गेला. त्याबरोबर जुन्या खेळांतले ढोलही क्षीण झाले.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वच्छ आयताकृती तरंग सहज मिळतो. पण सिडचा आवाज म्हणजे नुसता तरंग नव्हे. ६५८१ मधील फिल्टर ट्रान्झिस्टरच्या रोधावर अवलंबून होता आणि तो रोध प्रत्येक चिपमध्ये थोडा निराळा येई. त्यामुळे तीच रचना दोन संगणकांवर वेगळी वाजे. मग खरा आवाज कोणता मानायचा?

हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. या चिपचे उत्पादन केव्हाच थांबले आणि उरलेल्या एकेक करून निकामी होत आहेत. उद्या हे संगीत ऐकायचे, तर चिपचे वर्तन नेमकेपणाने नोंदलेले असायला हवे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डाग लेम यांनी रीसिड हे सॉफ्टवेअर लिहिले. ते चिपची नक्कल गणिताने करते. पुढे चिपचे कवच काढून तिच्या अंतरंगाची छायाचित्रेही अभ्यासली गेली. एखादे उपकरण जतन करायचे तर त्याचे गुण नोंदून भागत नाही. दोषही तितक्याच काळजीने मोजावे लागतात.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. ध्वनिसंपादनाच्या कोणत्याही मोफत सॉफ्टवेअरमध्ये २००, २५० आणि ३०० हर्ट्झचे आयताकृती तरंग प्रत्येकी ०.०२ सेकंद लांबीचे तयार करा. त्यांत अनुक्रमे ४, ५ आणि ६ पूर्ण आवर्तने बसतात. म्हणून तुकडा मध्येच तुटत नाही. ते एकापुढे एक जोडून ही माळ शंभर वेळा वाजवा. मग प्रत्येक तुकडा ०.२ सेकंदाचा करून पुन्हा ऐका. स्वरमेळ फुटून स्वर सुटे नेमके कोणत्या लांबीला होतात? विद्यार्थ्यांची उत्तरे सारखी येणार नाहीत. फळ्यावर ती सगळी लिहा. पुढची चर्चा तिथूनच सुरू होईल.