वारशाच्या काड्या

वारसा म्हटला की आमच्या घराण्यात एक घंगाळ निघते आणि त्यावरून तीन भावांत धरलेला दहा वर्षांचा अबोला. त्यामुळे बेडफर्डला मुलीकडे गेलो असताना शेजारच्या आजीबाई "माझ्या पणजीचा वारसा दाखवते" म्हणून पेटी उघडू लागल्या, तेव्हा मी खुर्ची जरा पुढेच सरकवली. आत निघाल्या काड्या! पेन्सिलीएवढ्या, काही लाकडी, काही हाडाच्या, बुडाला काचमण्यांचे कडे.

"रुखवतात शोभतील हो," सौ. कानाशी पुटपुटली.

त्या लेस विणायच्या बॉबिनी होत्या. गवत ठासून भरलेली उशी पुढ्यात घ्यायची, तीवर भोके पाडलेला कातडी कागद, भोकांत टाचण्या, आणि प्रत्येक बॉबिनला एक दोरा. मण्यांच्या वजनाने दोरा ताणलेला राहतो. हालचाली दोनच, फुली आणि पीळ.

"म्हणजे वेणीच की!" सौ. म्हणाली.

वेणीच, पण रुंद नक्षीला बॉबिनी शेकड्यांनी लागत. बेडफर्डशरात पाच-सहा वर्षांच्या पोरी लेसशाळेत बसवत. शाळा आपली म्हणायला. अक्षरे थोडी, टाचण्या फार. हात रेंगाळू नये म्हणून टाचण्या मोजायची गाणी. रात्री मेणबत्ती एकच. तिच्याभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोळे ठेवून ज्याने त्याने उजेडाचा कवडसा आपल्या उशीवर पाडून घ्यायचा. तिकडे डेव्हनमधल्या बायांनी व्हिक्टोरिया राणीच्या १८४० सालच्या लग्नाची लेस विणली. दुसरीला तशी मिळू नये म्हणून तिचे नमुने मागाहून नष्ट केले म्हणतात. पण जॉन हीथकोटने जाळी विणणारे यंत्र १८०९ सालीच काढले होते. १८१६ साली लोकांनी त्याच्या लफबरोच्या कारखान्यातली यंत्रे फोडली, तर पठ्ठ्याने बस्तान हलवले ते थेट डेव्हनमध्येच, टिव्हर्टनला!

बॉबिनींवर ठिपके कोरून नावे घातलेली. मला वाटले, सगळी प्रियकरांची. मोठ्या रसिकतेने एक उचलली. "जोसेफ कॅसल, फाशी १८६०." मी ती हळूच खाली ठेवली. गृहस्थाने बायकोचा खून केला होता. बेडफर्डला त्याला चारचौघांत फाशी दिले आणि आठवण म्हणून बॉबिनी निघाल्या.

"पणजीबाई हिच्यानेसुद्धा विणत?"

"विणायची की. वजनाला चांगली आहे."

मग आजीबाईंनी एक कातडी कागद खिडकीशी धरला. भोकाभोकांतून उजेड आला.

"टाचणी कुठे लावायची तेवढं यात आहे. कुठला दोरा कुठून न्यायचा, ते पणजीच्या बोटांत. आजीनं शिकून घेतलं नाही. तिला लूटनला टोप्यांच्या कारखान्यात रोख पगार होता."

तिच्या जागी मीही टोप्याच केल्या असत्या.

दोन जोड्यांवर जुना दोरा अजून होता. सौ.ने विचारलेसुद्धा नाही. चार पदर घेतले आणि फुली, पीळ, फुली सुरू केली. आजीबाईंनी चष्मा चढवून भोकांशी ताडून पाहिले.

"चुकलंय बहुतेक," त्या म्हणाल्या, आणि टाचणी शोधू लागल्या.